‘क्लाऊन’चं बिनशब्दांचं नाटक: मूक, निःशब्द की बिनबोल?

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात एक प्रयोग ठरतोय. दोन कलाकार, लाल नाकं, एक शिडी, एक छत्री. पाऊण तासात एकही शब्द नाही. फलकाचा मराठी मजकूर माझ्याकडे आला आणि पहिल्याच ओळीवर अडले: क्लाऊनच्या अशा नाटकाला मराठीत म्हणायचं काय? तुम्हीच सुचवा.

‘विदूषक’ लिहायला हात धजत नाही. संस्कृत नाटकातला विदूषक बडबड्या. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय घ्या, नाही तर ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात राजाच्या शिकारीपायी अंग मोडून आल्याची तक्रार करत येणारा माढव्य. दोघेही प्राकृतात बोलतात आणि बोलण्यावरच जगतात. तमाशातला सोंगाड्या तर हजरजबाबीपणाचाच धनी. त्याची जीभ काढून घेतली तर उरतं काय? जोकर म्हणावं तर डोळ्यांपुढे पत्ते येतात, नाही तर सर्कस. आपल्याकडे 1880 साली विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केल्यापासून हा माणूस घरोघरी माहीत आहे, पण तो दोन खेळांच्या मधली जागा भरणारा. इथे अख्खं नाटकच त्याचं आहे.

‘मूकाभिनय’ही चालत नाही. त्यात पांढरा चेहरा आणि नसलेली भिंत चाचपणारे हात असतात, वस्तू कल्पनेतल्या. क्लाऊनची शिडी खरी असते आणि ती खरोखरच त्याच्या डोक्यात बसते.

आणखी एक विनंती. ‘बालनाट्य’ हा शब्द फलकावर नको. मागे एकदा एका अशाच प्रयोगाला तो छापला होता. आईवडील मुलांना दारात सोडून बाजाराला गेले. आत म्हातारपणावरचा इतका हळवा प्रसंग झाला, आणि तो ज्यांना कळला असता ती माणसं बाहेर होती. मला फार लागलं ते. ‘लहानथोरांसाठी’ हा आपला जुना शब्द असताना दुसरा कशाला शोधायचा?

*

*पेडण्याहून प्रतिसाद:*

ताई, दशावतारी काल्यातला संकासूर विसरलात. काळा अंगरखा, लाल जीभ. तो नुसता मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, आला की पोरं आईच्या कुशीत शिरतात आणि मोठी माणसं हसायला लागतात. लहानथोर एकाच वेळी. तोही पुढे बोलूनच हसवतो हे खरं, पण पहिलं हसू त्याच्या येण्याचं असतं. शब्दाचं म्हणाल तर ‘मूकपट’ रुळला, मग ‘मूकनाट्य’ का नको?

*

*मडगावहून:*

पोर्तुगीजमध्ये क्लाऊनला ‘पाल्यासु’ म्हणतात. मूळ इटालियन, आणि त्याच्या पोटात ‘पाल्या’ म्हणजे गवताची काडी, पेंढा. पेंढा भरल्यासारखा ढगळ पोशाख म्हणून हे नाव. म्हणजे तिकडे नाव पडलं ते अंगावरून, जिभेवरून नव्हे.

*

*मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर:*

पेंढ्याची गोष्ट फार आवडली. आपली नावं जिभेवरून किंवा सोंगावरून पडली, हाच तर माझा अडसर. पॅरिसमध्ये 1956 साली नाट्यशाळा काढणारे जाक लकोक लाल नाकाला जगातला सर्वांत छोटा मुखवटा म्हणत. त्यांच्या शिकवणीत क्लाऊन सोंग घेत नाही, उलट स्वतःचा बावळटपणा उघडा करतो. नट धडपडतो, फजित पावतो, आणि ती फजिती प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा देऊन कबूल करतो. ‘फजिती’ला तोडीचा शब्द मला दुसऱ्या भाषेत अजून सापडलेला नाही.

‘मूक’ मला टोचतो. कोंकणीतला ‘मोनो’ किंवा आपला ‘मुका’ म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. इथे बोलता येत असून बोललं जात नाही. शिवाय हा माणूस शिट्टी मारतो, हुंदका देतो, काहीबाही पुटपुटतोसुद्धा. ‘निःशब्द’ जवळ येतो, पण संस्कृतात ‘शब्द’ म्हणजे आवाजही. ‘निःशब्द रात्र’ म्हणताना आपण शांतताच सांगतो. ‘अबोल’ ऐकलं की रुसवा आठवतो, आणि गोव्यात तर केसांतली अबोलीची फाती.

म्हणून ‘बिनबोल’. ‘बोल’ म्हणजे उच्चारलेले शब्द. ते नाहीत, आवाज आहेत. आणि मराठीत बोल लावणं म्हणजे दोष देणं. ‘विदूषक’ शब्दातला ‘दूष्’ धातूही दोषाचाच. नाटकातला विदूषक राजालाही बोल लावतो. हा शिडीवरून पडणारा कुणालाच बोल लावत नाही. पडला तर शिडीची माफी मागतो.

तर सध्या फलकावर लिहिलंय: ‘बिनबोल विदूषक: लहानथोरांसाठी फजितीचं नाटक’. ‘विदूषक’ शेवटी ठेवलाच, कारण दारावर उभ्या राहणाऱ्या आजींना तो लगेच कळतो. पेडणेकरांनी एक सांगावं: तुमच्याकडे काल्याला जमणाऱ्या मंडळींना ‘बिनबोल’ वाचून नेमकं काय वाटेल? छापखान्यात शनिवारी द्यायचंय.