बेसमेंट पार्किंगचे सीओ सेन्सर: केबल ओढायचा हट्ट सोडा

दीड_मीटर
खराडी, बाणेर, हिंजवडीतल्या चालू ऑफिस इमारतीत कार्बन मोनॉक्साइडचे (सीओ, गाड्यांच्या धुरातला विषारी वायू) सेन्सर, म्हणजे एक्झॉस्ट पंखे कधी चालवायचे ते ठरवणारे, नंतर बसवायचे म्हटले की कोटेशनचा मोठा भाग कंड्युट (केबलचे पाइप) आणि शील्डेड केबलच खाते. माझं मत सरळ आहे: अशा ठिकाणी वायरलेस घ्या. बऱ्याच ऑफिस इमारतींचे स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असतात, म्हणजे आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा (टेंडन) असतात. स्कॅन न करता ड्रिल मारलं आणि बिट टेंडनला लागलं, तर सेन्सर राहिला बाजूला, स्लॅबचंच काम निघतं. शिवाय सीओ हवेइतकाच जड (रेणुभार २८, हवेचा सरासरी २९), म्हणून सेन्सर छताला लागतच नाही. खांबावर दीड मीटर उंचीवर स्टेनलेसचा पट्टा आवळायचा, काम झालं. सेन्सरमधला इलेक्ट्रोकेमिकल सेल गॅसच्या प्रमाणात स्वतःच सूक्ष्म करंट देतो, त्याला हीटर लागत नाही, त्यामुळे बॅटरीवर काही वर्षं निघतात. रेडिओ ८६५ मेगाहर्ट्झचा घ्या. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही आणि काँक्रीटमधून तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो.

आरएस_४८५
नोंद ठेवायला वायरलेस ठीक. पंखा त्याच्या भरवशावर? अजिबात नको. सिग्नलचा सर्व्हे रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये होतो. सोमवारी दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, फायर शटर उतरलं, की तोच सेन्सर मुका. आणि बॅटरी वाचवायला तो दर १५ मिनिटांनी बोलणार असेल तर काय उपयोग? संध्याकाळी साडेसहाला रॅम्पवर रांग लागते, थंड इंजिनं एकदम सुरू होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत पेट्रोल गाडी सगळ्यात जास्त सीओ सोडते. तो चढ १५ मिनिटांच्या आतच येऊन जातो.

दीड_मीटर
१५ मिनिटांनी बोलणारा सेन्सर कुणी घ्यायला सांगितलाय? मोजणी दर ३० सेकंदांनी, ‘जिवंत आहे’ हा निरोप दर ५ मिनिटांनी, आणि २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग सीओ) ओलांडले की वाट न बघता तात्काळ निरोप. तीन निरोप चुकले तर त्या झोनचे जेट फॅन (छताखालून हवा पुढे ढकलणारे पंखे) आपोआप सुरू. रिले असा जोडायचा की वीज गेली किंवा गेटवे (सेन्सरचे निरोप घेणारा डबा) बंद पडला तर संपर्क ‘चालू’कडेच पडेल. बंद करताना मात्र १५ पीपीएमखाली आल्यावर आणि किमान १० मिनिटं चालल्यावरच, नाहीतर पंख्याचा कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) दिवसभर टकटक करत बसतो.

हवाबदल
कागदावर सुंदर. पण कच्च्या सिग्नलमुळे पंखे उगाच दिवसभर फिरले की बिल बघून कुणीतरी पॅनेलचा सिलेक्टर ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवून पंखे बंद करतो. त्यानंतर तुमचे सेन्सर गुणी बाळासारखे आकडे पाठवत राहतात आणि हवा तिथल्या तिथेच. सिलेक्टर कुठे आहे ते कळवणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट बीएमएसला (इमारतीच्या देखरेख यंत्रणेला) दिला नसेल तर वायर असो की नसो, ही यंत्रणा शोभेची. भांडण रेडिओचं नाही, त्या स्विचचं आहे.

दुसरं, काही जण ऑनलाइन मिळणारे घरगुती अलार्मच खांबाला लावतात. यूएल २०३४ या अमेरिकन मानकाप्रमाणे ७० पीपीएमला ते १ ते ४ तासांनी वाजतात. झोपलेल्या माणसासाठी ते ठीक, पंखा चालवायला निरुपयोगी.

बंप_टेस्ट
दोन्ही बाजू सेलबद्दल गप्प का? सेलचं आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षं, आणि म्हातारा होताना तो ओरडत नाही, कमी आकडा दाखवत जातो. तपासायला दर सहा महिन्यांनी १०० पीपीएम सीओचा गॅस सोडा, सेन्सरवर कॅप लावून, मिनिटाला अर्धा लिटर, दोन-तीन मिनिटं. शून्य लावायचं ते बाहेरच्या स्वच्छ हवेत किंवा सिलिंडरच्या शुद्ध हवेत. सकाळी नऊला बेसमेंटमध्येच शून्य लावलं तर तिथला सीओच तुमचा शून्य होतो!

यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांशेजारी सेन्सर नको, चार्जिंगच्या हायड्रोजनला हा सेल सीओ समजतो. फरशी पुसायच्या अल्कोहोलवाल्या द्रावणानेही तो फसतो. डिझेल गाड्या जास्त असतील तर नायट्रोजन डायऑक्साइडचा सेन्सर वेगळा लागतो, कारण डिझेलचा सीओ मुळात कमी.

वायरलेसची एक खास खोड: ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल बॅटरी गोदामात पडून राहिली की आत थर धरते. नुसतं व्होल्टमीटरने तपासली तर ठणठणीत. रेडिओने करंट ओढला की व्होल्टेज बसतं आणि डिव्हाइस रीसेट. बसवण्याआधी लोडवर तपासा.

आरएस_४८५
म्हणजे माझंच म्हणणं झालं. केबलवाल्याला बॅटरीची ही लफडी नाहीत.

दीड_मीटर
केबललाही पावसाळ्यात बेसमेंटमध्ये जंक्शन बॉक्सला पाणी लागतंच. तरी एक मान्य: हवा बाहेर काढणाऱ्या प्रत्येक एक्झॉस्ट शाफ्टच्या तोंडाशी एक सेन्सर वायरवाला ठेवा, ४-२० मिलिअँपिअर करंटने आकडा कळवणारा, थेट पंख्याच्या पॅनेलला. तिथे पॅनेल जवळच असतं, ड्रिलही फारसं नाही. बाकी खांब वायरलेस.

आरएस_४८५
शाफ्टपाशी हवा मिसळून पातळ झालेली असते. रॅम्पच्या तळाशी ९० पीपीएम असताना शाफ्टला २० दिसेल. वायरवाला सेन्सर रॅम्पच्या तळाशी हवा, आणि तिथून पॅनेल ६० मीटर लांब. आता काढा केबल!

हवाबदल
रॅम्पच्या भिंतीवरून काढा, तिथे सहसा पोस्ट-टेन्शनिंग नसतं.