टाकीवरचा शिक्रा

(सोसायटीचा ‘पाखरं आणि पुस्तकं’ ग्रुप, रविवार सकाळ)

बी-३०२ ताई: [फोटो] सुप्रभात मंडळी. पावणेसातला आमच्या विंगच्या टाकीवर. शिक्रा ना हा?

ए-१०४ भाऊ: शिक्राच. खाली सातभाई कसे बोंबलून राहिले होते, मी गॅलरीतून पाह्यलं.

सी-४०१ आजोबा: फोटो मोठा करा आणि फक्त चोच पाहा. शिक्रा शिकारी पक्षी, त्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली असते. ही बारीक आणि जवळजवळ सरळ आहे. डोळ्याभोवती पिवळी कडी आहे. हा पावशा.

ए-१०४ भाऊ: मंग सातभाई काहून घाबरले?

सी-४०१ आजोबा: तेच तर त्याचं सोंग. अंगावरचे पट्टे शिक्र्याचे, शेपूट तसंच, उडणंही तसंच. आणि याची मादी अंडं घालते ते सातभाईंच्याच घरट्यात. ते बिचारे सातही जण मिळून दुसऱ्याचं पोर पोसतात.

बी-३०२ ताई: पण पावशा तर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडतो ना? हा तोंड शिवून बसला होता.

सी-४०१ आजोबा: नोव्हेंबरात कुठला ओरडतो! तो उन्हाळा तापला की सुरू होतो आणि पावसाळ्यात थांबतच नाही. थंडीत गप्प असतो, म्हणून भले भले फसतात.

डी-२०३ वहिनी: आमच्या घरी सासूबाई त्याला पपीहा म्हणतात. त्यांना ‘पी कहाँ’ ऐकू येतं. एकच पक्षी, शेतकऱ्याला पेरणी आठवते आणि हिंदीवाल्यांना नवरा 😄

ए-००१ सिक्युरिटी: ए विंगसमोर पांढरी ॲक्टिव्हा कोनाची आहे, पाण्याचा टँकर अडला आहे

ए-१०४ भाऊ: माझी. आलो.

बी-३०२ ताई: आजोबा, आता मूळ काम. लेक सहावीत आहे. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह म्हणून शाळेत प्रत्येकाने एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. शिवाय तिला खरंच नाद लागलाय, अंबाझरी तलावावर जायला माझ्याआधी तयार होते. एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

ए-१०४ भाऊ: पुस्तक कायले ताई, अ‍ॅप टाकून द्या. फोटो दाखवला की नाव सांगते.

सी-४०१ आजोबा: हाच फोटो दाखव बरं.

ए-१०४ भाऊ: दाखवला. शिक्रा म्हणते 🙈

सी-४०१ आजोबा: ताई, सविस्तर लिहितो, वेळ मिळेल तेव्हा वाचा. ओळखायला शिकायचं तर सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’. पहिली आवृत्ती १९४१ ची. माझ्याकडची तेरावी, चिकटपट्ट्यांवर उभी आहे. त्यात आकार सांगायची रीत मला फार आवडते. सेंटिमीटर पाठ करायचे नाहीत. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेहून मोठा, कबुतराएवढा पण सडपातळ, असं. अंबाझरीच्या काठावर उभं राहून कोण पट्टी लावणार? पण मैना सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली असते. मुलीला आधी हे चार-पाच पक्षी नीट पाहायला लावा, बाकीचे त्यांच्या मापाने मोजता येतात. दोन वर्षांनी नाद टिकला तर ग्रिमेट आणि इन्स्किपचं घ्या. त्यात नर, मादी, पिल्लू शेजारी शेजारी काढलेले असतात आणि कुठला पक्षी कुठे सापडतो त्याचे नकाशे आहेत. शिकारी पक्ष्यांची पिल्लं ओळखताना त्याच्याशिवाय माझं चालत नाही. पण पहिल्याच दिवशी ते हातात दिलं तर पोर पानं उलटत बसेल आणि पक्षी उडून जाईल.

सी-१०२ काकू: मी जरा आडवी येऊ का?

सी-४०१ आजोबा: तुम्ही विचारून कधी आला आहात 🙏

सी-१०२ काकू: तुमची दोन्ही पुस्तकं इंग्रजी. चांगली आहेत, नाही कोण म्हणतंय. पण तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यावरून सांगते. नुसतं नाव कळलेला पक्षी पोरं आठवड्यात विसरतात. गोष्ट कळलेला विसरत नाहीत. आत्ताचंच पाहा, ‘कॉमन हॉक कुकू’ म्हटलं असतं तर बी-३०२ च्या लक्षात राहिलं असतं? ‘पेर्ते व्हा’ राहिलं ना? म्हणून मी म्हणेन मारुती चितमपल्ली. पक्षी सप्ताह ५ तारखेला सुरू होतो तोच मुळी त्यांच्या वाढदिवसाला, आणि संपतो १२ ला, सलीम अलींच्या. शाळेने हे सांगितलं नसेल तर मुलीने सांगावं.

बी-३०२ ताई: अय्या, हे माहीतच नव्हतं. पण चितमपल्ली सहावीला जड नाही का जाणार?

सी-१०२ काकू: ‘चकवाचांदण’ जाईल. ते आत्मचरित्र आहे, जाडजूड, मोठं झाल्यावर वाचू दे. ‘रानवाटा’ द्या. रोज रात्री एक लेख तुम्ही मोठ्याने वाचा, अडलेला शब्द तिथेच सांगा. सोलापूरचा माणूस वनखात्यात आला, नवेगावबांधला राहिला, तिथल्या लोकांकडून पाखरांची नावं वेचली. इथल्या रानाची भाषा इतकी पुस्तकात आणणारा दुसरा मला तरी दिसत नाही. निवृत्तीनंतर नागपुरातच होते किती वर्षं. २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले.

सी-४०१ आजोबा: काकूंचं पटतं. फक्त एक. चितमपल्ली वाचून पक्ष्याचं वेड लागतं, पण झाडावरचा पक्षी ओळखता येत नाही. दोन्ही लागतं.

सी-१०२ काकू: वेड आधी लागू द्या, ओळख करून द्यायला तुम्ही आहातच चौथ्या मजल्यावर.

डी-२०३ वहिनी: मला व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ फार आवडलं होतं. जंगलात मुक्काम करून लिहिलेलं. आम्ही नागझिऱ्याला जाण्याआधी वाचलं आणि तिथे वाघ दिसला नाही तरी रुसवा झाला नाही. ‘सत्तांतर’ पण, वानरांच्या टोळ्यांचं. त्याला १९८३ चा साहित्य अकादमी आहे. मात्र त्यात मारामाऱ्या आणि पिल्लांची हत्या आहे, सहावीला नको.

ए-१०४ भाऊ: वानरं तर आमच्या गच्चीवर फुकटात आहेत वहिनी. परवा पापड घेऊन गेली.

ए-४०४ दादा: कोणी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ म्हणालं नाही? एकेका महिन्यावर एकेक लेख. मी दर महिन्याला त्या त्या महिन्याचा लेख काढून वाचतो. पण त्यातला पाऊस मुंबईचा आहे, आपला मे महिना त्यात शोधू नका.

सी-१०२ काकू: खरंय 😄 आपला मे महिना लिहायला एखादा नागपूरकरच लागेल, तोही कूलरसमोर बसून.

बी-३०२ ताई: ठरलं मग. वाचायला ‘रानवाटा’, आणि सलीम अलींचं वाढदिवसाला. शाळेत बोलण्यासाठी सलीम अलींची एखादी गोष्ट आहे का कोणाकडे?

सी-४०१ आजोबा: आहे की. लहानपणी एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याशी पिवळा डाग होता. ही कसली चिमणी म्हणून विचारायला मुंबईच्या बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथल्या साहेबाने न रागावता कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तिथून सगळं सुरू झालं. पुढे आत्मचरित्राचं नावच ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ ठेवलं. मुलीला सांगा, सुरुवात आपल्यासारखीच झाली, एक पक्षी ओळखू न आल्यामुळे.

बी-३०२ ताई: हे भारी आहे 🙏 ‘रानवाटा’ बर्डीच्या बाजारात मिळेल का?

सी-४०१ आजोबा: विकत कशाला, माझं दिलं असतं. पण लॉकडाऊनच्या आधी कोणीतरी नेलं ते परत आलंच नाही. कोणाला दिलं तेही आठवत नाही. तेव्हापासून मी पुस्तक देताना वहीत लिहितो.

ए-१०४ भाऊ: आजोबा… रागावू नका. ॲक्टिव्हा काढून आलो आणि सहज शोकेस उघडली. [फोटो] हेच का? बाबांनी आणलं असणार.

सी-४०१ आजोबा: आत एसटीचं तिकीट आहे का पाहा.

ए-१०४ भाऊ: आहे. साकोली ते नवेगावबांध. आकडे उडून गेले आहेत. आणि त्याच पानावर तर्रीचा मोठा डाग आहे, पण तो आमचा नाही, बापा शप्पथ.

सी-४०१ आजोबा: डाग माझाच. पुस्तक सरळ बी-३०२ ला दे, तिकीट मात्र त्याच पानात राहू दे.