'कंटिन्युअस' की 'कंटिन्युअल'? न थांबणाऱ्या गोष्टींच्या इंग्रजी शब्दांविषयी

प्रश्न (गुणवत्तावाला):

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्या प्रवेशद्वाराजवळ गुणवत्ता धोरणाची पाटी आहे. तिच्यावर इंग्रजीत 'कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट' आणि खाली मराठीत 'सतत सुधारणा' असे लिहिले होते. गेल्या महिन्यात ऑडिटसाठी आलेल्या गृहस्थांनी इंग्रजी ओळीवर बोट ठेवले आणि आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत, कलम १०.३ मध्ये, 'कंटिन्युअल' हा शब्द असल्याचे दाखवून दिले. इंग्रजी ओळ आम्ही दुरुस्त करून घेणारच आहोत. अडचण मराठी ओळीची आहे. शब्दकोश उघडावा, तर दोन्ही शब्दांपुढे 'सतत', 'अखंड', 'निरंतर' असे तेच तीन शब्द हजर असतात. या दोहोंत नेमका भेद काय, आणि तो मराठीत दाखवता येतो का? याच कुळातले इन्सेसंट, पर्पेच्युअल, पेरेनिअल, इंटरमिनेबल हे शब्दही मी आजवर अंदाजानेच वापरत आलो आहे. त्यांच्याविषयीही कोणी लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद (निवृत्त मास्तर):

नळाचे उदाहरण घ्या. तोटी उघडल्यावर बादली भरेपर्यंत पडणारी धार कंटिन्युअस असते, आणि वायसर झिजलेल्या नळातून रात्रभर टप टप गळणारे पाणी कंटिन्युअल असते. धार दोनच मिनिटे टिकली तरी तिच्यात खंड नव्हता. गळती मात्र खंडांनीच बनलेली आहे, पण ती संपत नाही. म्हणजे आपण समजतो तसा कंटिन्युअस हा 'कधीच न थांबणारा' नव्हेच. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात हाच मुद्दा मांडला आहे: त्या शब्दात आरंभ आणि शेवट यांच्या मध्ये फट नसणे महत्त्वाचे असते, शेवट दूर असणे नव्हे. बोलण्यातले इंग्रज हा भेद नेहमी पाळतात असे मात्र समजू नका.

इतर शब्दांत काळाच्या लांबीपेक्षा बोलणाऱ्याचा सूर अधिक मोजावा लागतो. इन्सेसंट लॅटिनमधल्या 'थांबणे' या क्रियापदावरून आला असला, तरी तो बहुधा वैतागलेल्या माणसाच्या तोंडी असतो. पाऊस, भुंकणे, प्रश्न अशा नकोशा झालेल्या गोष्टींनाच तो शोभतो. इंटरमिनेबल ज्याला म्हणतात, त्याला खरे तर शेवट असतो, पण तो येता येत नाही. आपण अशा भाषणाला मारुतीचे शेपूट म्हणतो, आणि मला तरी याहून चांगला प्रतिशब्द सापडलेला नाही. पेरेनिअलमध्ये लॅटिनचे 'वर्ष' दडलेले आहे, म्हणून पेरेनिअल नदी ती बारमाही नदी. पण तोच शब्द तक्रारीला लावला की 'पाचवीला पुजलेली' म्हणावे लागते. पर्पेच्युअल हा कागदोपत्री शब्द आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम ३८ खाली मिळणारा कायमचा मनाईहुकूम इंग्रजीत पर्पेच्युअल असतो, आणि जुन्या दानपत्रांतले 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, हे त्याचेच भावंड.

प्रतिसाद (वायरमन):

मास्तरांच्या नळाला माझी मोटार जोडतो. विजेच्या मोटारीच्या पाटीवर 'एस-१' लिहिलेले असेल, तर ती पूर्ण भारावर कितीही वेळ चालवता येते. 'एस-३' असेल, तर तिला ठरावीक अंतराने विश्रांती द्यावी लागते. 'एस-३, ४० टक्के' याचा सर्वसाधारण अर्थ असा, की दहा मिनिटांच्या फेऱ्यात चार मिनिटे चालवायची आणि सहा मिनिटे थांबवायची. दुसऱ्या प्रकारच्या एका मोटारीच्या मराठी माहितीपत्रकात मी 'सतत वापरासाठी' असे वाचले आहे. दिवसभर थांबत थांबत वापरण्यासाठी, असे लिहिणाऱ्याच्या मनात असावे. पण वाचणाऱ्याने मोटार बंदच केली नाही, आणि वाइंडिंग जळाल्यावर ती माझ्याकडे आली. तेव्हा हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नाही.

थोडे विषयांतर: पर्पेच्युअल म्हटले की आम्हांला आपोआप फिरत राहणारे चाक आठवते. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त पोकळ आऱ्यांत पारा भरलेले असे स्वयंवह चाक वर्णिले आहे. ते चालणे शक्य नव्हते, आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्ये असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणेच बंद केले.

प्रतिसाद (काढेवाले):

मी वैद्य आहे, आणि हा भेद आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये म्हणून लिहितो. आयुर्वेदातल्या विषमज्वराच्या, म्हणजे अनियमितपणे येणाऱ्या तापाच्या (आजचा टायफॉइड नव्हे), पाच प्रकारांपैकी पहिल्या दोहोंची नावे संतत आणि सतत अशी आहेत. संतत ज्वर सात, दहा किंवा बारा दिवस अंग सोडतच नाही. सतत ज्वर मात्र एका अहोरात्रात दोनदा चढतो. पुढचे तीन, म्हणजे अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक, त्याहून विरळ येतात. 'संतत' आणि 'सतत' हे दोन्ही शब्द 'सम्' आणि 'तन्', म्हणजे ताणणे, यांपासूनच झालेले आहेत. तरीही वैद्यकाने एकाला न तुटणारा आणि दुसऱ्याला पुन्हा पुन्हा येणारा असा वेगळा अर्थ दिला. मास्तरांच्या भाषेत संतत तो कंटिन्युअस आणि सतत तो कंटिन्युअल. पावसाच्या बाबतीत आपण आजही 'संततधार' म्हणतो, 'सततधार' म्हणत नाही, हेही लक्षात घ्यावे.

गुणवत्तावाला:

म्हणजे आमची मराठी ओळ पहिल्यापासून बरोबर होती आणि चूक इंग्रजीत होती! आयएसओच्या परिभाषेतही कंटिन्युअल सुधारणेची व्याख्या 'पुन्हा पुन्हा होणारी कृती' अशीच दिलेली आहे.

निवृत्त मास्तर:

वैद्यबुवांपुढे हात टेकले. परंतु आपले कामगार ज्वरचिकित्सा वाचून पाटीकडे पाहणार नाहीत. वायरमन यांच्या मोटारीच्या मालकाने 'सतत'चा जो अर्थ घेतला, तोच आज बहुतेकांच्या मनात येतो. अशा वेळी मराठीने विशेषणाच्या मागे न लागता क्रियापदाकडे वळावे. 'पाऊस पडतोच आहे' आणि 'पाऊस पडत राहतो' यांतला फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. पाटीवर 'आम्ही सुधारणा करत राहू' एवढेच लिहा. 'वरचेवर सुधारणा' मात्र लिहू नका; त्याने आधीच्या कामात खोट होती असे वाटते.

गुणवत्तावाला:

दुपारच्या सुट्टीत दोन्ही ओळी कागदावर लिहून जोडणी विभागात दाखवल्या. 'सतत सुधारणा' वाचून एकाने "म्हणजे जेवायची सुट्टी पण नाही का?" असे विचारले. रंगाऱ्याला इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही ओळी बदलण्याचे काम दिले आहे.