ईस्टरच्या अभ्यासवर्गाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: तरुणांसाठी पाऊण तासाचा येशूच्या पुनरुत्थानावरचा, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्यावरचा वर्ग घ्यायचा आहे. रिकाम्या कबरेपासून सुरुवात करू का?

उत्तर १: नको, बायबलमधले १ करिंथ १५ घ्या, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. पत्र साधारण इ. स. ५५ चे, पण वचने ३ ते ५ त्याहून जुनी. पौल स्वतःला मिळालेली साक्ष पुढे देतो आहे. सहाव्या वचनात तो सांगतो की पाचशेहून अधिक बंधूंना येशू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, म्हणजे जाऊन विचारा! मग वचन १७ मोठ्याने वाचून घ्या: ख्रिस्त उठला नसेल तर आपण अजून पापातच आहोत. इथे घाई नको, निदान पंधरा मिनिटे द्या.

उत्तर २: सहमत. कबर रिकामी पाहून येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिलाही आधी वाटले की प्रभूला कोणी उचलून नेले (योहानाचे शुभवर्तमान, अध्याय २०). खात्री पटली ती उठलेल्या येशूच्या भेटीने. नेहमीची चूक म्हणजे 'आत्मा अमर असतो' एवढ्यावर वर्ग संपवणे. त्यात शरीर निसटते. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशू हातपाय दाखवतो, भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांच्या देखत खातो. ते जरूर वाचा.

उत्तर ३: साक्षीसाठी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातले २:३२ जोडा. येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमेतच उभा राहून बोलतो, जिथे येशूला वधस्तंभावर खिळले होते.