मदत हवी आहे: एजंटला सबस्ट्रीम्स पॅकेज सापडतच नाही

तिसरा_थर
एआय एजंटला सबस्ट्रीम्सची (ब्लॉकचेनमधला डेटा काढणाऱ्या साधनाची) तयार पॅकेजेस शोधणारं एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची पद्धत) अ‍ॅड-ऑन जोडलंय. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "असं पॅकेज उपलब्ध नाही". रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर तेच पॅकेज ढळढळीत दिसतंय. एपीआय की बदलून झाली, सगळं काढून पुन्हा टाकून झालं. संध्याकाळपर्यंत डेटा काढायचाय. काय चुकतंय ते कोणी सांगेल का? जरा लवकर प्लीज.

गाठ_सोडवा
"काहीही विचारलं" म्हणजे नेमकं काय विचारलं? क्लायंट (एजंट ज्यात चालतो ते अॅप) कोणता, एमसीपीचा सर्व्हर स्टडीआयओवर (त्याच मशीनवर, थेट इनपुट-आउटपुटमधून) चालतोय की एचटीटीपीवर, चेन (ब्लॉकचेन) कुठली, आणि मुख्य म्हणजे टूलला गेलेला जेसन (विनंतीचा मजकूर) काय होता? एजंटने तुम्हाला सांगितलेलं वाक्य काही कामाचं नाही. शोधाचा निकाल रिकामा आला की मॉडेल "पॅकेज नाही" म्हणून मोकळं होतं.

रिकामा_स्टॅक
हे पाथचं (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीचं) दुखणं आहे, डोळे मिटून सांगतो. डेस्कटॉप क्लायंट आयकॉनवर क्लिक करून उघडला की त्याला शेलमधला पाथ मिळत नाही. मग कॉन्फिगमधल्या कमांडमध्ये नुसतं 'एनपीएक्स' (सर्व्हर सुरू करणारी कमांड) लिहिलेलं चालत नाही, पूर्ण मार्ग द्यावा लागतो. विंडोजवर 'सीएमडी स्लॅश सी' पुढे लावून पाहा. तेवढ्यानेही नाही झालं तर सर्व्हर लॉग कुठे छापतोय ते बघा. स्टडीआयओमध्ये स्टडआउटवर (नेहमीच्या आउटपुटच्या वाटेवर) जेसन-आरपीसीच्या संदेशांशिवाय एक ओळही जाता कामा नये. "सर्व्हर सुरू झाला" एवढं जरी छापलं तरी क्लायंटचा पार्सर अडखळतो. लॉग स्टडएररवर, म्हणजे एररच्या वेगळ्या वाटेवर, पाठवा.

गाठ_सोडवा
माहिती बरोबर, पण इथे गैरलागू. पाथ चुकला असता तर टूल यादीतच आलं नसतं. इथे उत्तर येतंय.

तिसरा_थर
टूल दिसतंय असं लिहिलंय की मी. पॉलिगॉन चेनवरचे युनिस्वॅप व्ही३ या एक्स्चेंजचे स्वॅप (टोकनच्या अदलाबदली) हवेत, त्यात एवढं काय विचारायचं?

गाठ_सोडवा
लिहिलेलं नाही, पॉलिगॉनचाही उल्लेख नव्हता. असो. संभाषणात टूल-कॉलची ओळ उघडली की आर्ग्युमेंट्स दिसतात, ती चिकटवा. दिसत नसतील तर एमसीपी इन्स्पेक्टरमधून (सर्व्हर हाताने तपासायचं टूल) सर्व्हर चालवा आणि तेच आर्ग्युमेंट हाताने द्या. मॉडेल मधून काढलं की दोष सर्व्हरचा की एजंटचा हे लगेच कळतं.

ग्राफवाले
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? युनिस्वॅपचे तयार सबग्राफ (चेनचा डेटा आधीच लावून ठेवलेले साठे) आहेत. ग्राफक्यूएलची एक क्वेरी लिहा आणि सुटा.

अर्धा_नोड
काही शेकडो ओळी हव्या असतील तर जरूर. पण सबग्राफमध्ये 'फर्स्ट'ची (एका वेळी किती ओळी) कमाल १००० आणि 'स्किप'ची (आधीच्या किती ओळी सोडायच्या) ५०००. म्हणजे ६००० ओळींपुढे त्या वाटेने जाताच येत नाही. पूर्ण इतिहास अशाने कसा काढणार?

ग्राफवाले
स्किप वापरायला सांगितलंच कोणी? आयडीनुसार क्रम लावा, शेवटचा आयडी ठेवा, पुढच्या वेळी त्याहून मोठे आयडी मागा. मर्यादेचा प्रश्न मिटतो.

अर्धा_नोड
मिटतो, पण एकामागून एक विनंत्या करत बसायचं. शिवाय सबग्राफ लिहिणाऱ्याने जी फील्ड्स साठवली तेवढीच मिळणार. सबस्ट्रीम्समध्ये चेनच्या कच्च्या लॉगपासून सगळं हाताशी असतं, आणि ब्लॉकचे तुकडे समांतर चालतात.

तिसरा_थर
भांडण नंतर करा. हे घ्या:
क्वेरी: "पॉलिगॉन युनिस्वॅप व्ही३ स्वॅप इव्हेंट्स"
नेटवर्क: "पॉलिगॉन"
निकाल: रिकामी यादी.
(क्वेरी अर्थात रोमनमध्येच गेली होती.)

गाठ_सोडवा
सापडलं. दोन गोष्टी आहेत.

पहिली, नेटवर्कचं नाव. सबस्ट्रीम्सच्या मॅनिफेस्टमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये) चेनचं बोलीतलं नाव नसतं, ठरलेला आयडी असतो. पॉलिगॉनचा आयडी अजूनही 'मॅटिक' आहे. इथेरियम म्हणजे नुसतं 'मेननेट', आर्बिट्रम म्हणजे 'आर्बिट्रम-वन', सोलाना म्हणजे 'सोलाना-मेननेट-बीटा'. फिल्टर अक्षर न् अक्षर जुळवत असेल तर 'पॉलिगॉन'ला शून्यच मिळणार. एररही येणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

दुसरी, क्वेरी. हा शोध पॅकेजच्या नावात शब्द जुळवणारा दिसतोय, वाक्याचा अर्थ लावणारा नाही. पाच शब्द एकत्र दिले तर ते एकत्र कुठेच सापडणार नाहीत. नेटवर्क रिकामं सोडून फक्त "युनिस्वॅप" शोधा. येईल त्या यादीतून एजंटला गाळू द्या, ते काम त्याला चांगलं जमतं.

कायमचा इलाज हवा असेल तर अ‍ॅड-ऑनच्या टूल-स्कीमामध्ये (आर्ग्युमेंट्सच्या व्याख्येत) नेटवर्कला मोकळी स्ट्रिंग न ठेवता ठरावीक आयडींची यादी द्या. यादी समोर असली की मॉडेल मनाने नाव रचत नाही. आणि टूलच्या वर्णनात एक ओळ घाला: "निकाल रिकामा असल्यास नेटवर्क काढून एका शब्दाने पुन्हा शोध."

रिकामा_स्टॅक
+१. पण स्टडएररचं माझं म्हणणंही लक्षात ठेवा.

सावध_वाचक
कोणाचंही पॅकेज असं उचलून चालवणं धोक्याचं नाही का? आत काय कोड आहे कोणास ठाऊक. वॉलेट रिकामं व्हायचं.

अर्धा_नोड
पॅकेजमधला वॅझम (वेबअसेंब्ली) कोड तुमच्या मशीनवर चालत नाही, डेटा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर बंदिस्त चालतो. त्याला फाइल, नेटवर्क काही मिळत नाही. वॉलेटचा इथे संबंधच नाही. खरा धोका दोन ठिकाणी आहे. पॅकेजचं वर्णन आणि रीडमी जसंच्या तसं एजंटच्या संदर्भात जातं, तिथे कोणी "आता अमुक कमांड चालव" असं लिहून ठेवू शकतो. म्हणून या एजंटला शेलची मोकळी परवानगी देऊ नका. दुसरं म्हणजे नावावर विसंबू नका. नावात युनिस्वॅप असलं तरी आतला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता एखाद्या फोर्कचा (नकलेचा) असू शकतो. आणि एपीआय की कॉन्फिगच्या एन्व्हमध्ये (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) ठेवा. कमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये लिहिली तर प्रोसेसच्या यादीत उघडी पडते.

पॅक_करा
स्वतःचं पॅकेज टाकायचं असेल तर आधी 'सबस्ट्रीम्स पॅक', मग 'सबस्ट्रीम्स रजिस्ट्री पब्लिश'. आवृत्ती वाढवायला विसरू नका.

गाठ_सोडवा
हे कोणी विचारलं होतं?

तिसरा_थर
यादी आली, पॅकेज मिळालं, धन्यवाद. आता चालवलं तर एकही ओळ येत नाही आणि एजंट टाइमआउट म्हणतो. अ‍ॅड-ऑन पुन्हा बिघडलं का?

अर्धा_नोड
पॅकेजमधलं कुठलं मॉड्यूल (कामाचा एक टप्पा) चालवलंत? सुरुवातीचा ब्लॉक काय दिला? पॅकेजवर 'सबस्ट्रीम्स इन्फो' चालवा आणि प्रत्येक मॉड्यूलचा प्रकार, त्याचे इनपुट आणि इनिशियल ब्लॉक (जिथून ते सुरू होतं) बघा.

बहुधा असं झालंय: तुम्ही मागितलेलं मॅप मॉड्यूल (ब्लॉकमधून डेटा काढणारं) एखाद्या स्टोअर मॉड्यूलवर (मूल्यं साठवत जाणाऱ्या) अवलंबून आहे, समजा पूलची (टोकनजोडीच्या साठ्यांची) यादी ठेवणाऱ्या स्टोअरवर. तुम्ही कालचा ब्लॉक मागितला तरी ते स्टोअर त्याच्या इनिशियल ब्लॉकपासून कालपर्यंत आधी भरावं लागतं. आधी कोणी तेच मॉड्यूल चालवलेलं असेल तर कॅशमधून झटपट मिळतं. पण कॅश मॉड्यूलच्या हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या खुणेवर) टिकते. कोड, इनपुट किंवा इनिशियल ब्लॉक यातलं काहीही बदललं की हॅश बदलतो आणि सगळं नव्याने भरावं लागतं. एजंटने "सोयीसाठी" इनिशियल ब्लॉक बदललाय का ते आधी तपासा. या खोडीने बराच वेळ खाल्ला जातो.

आणखी एक. इथेरियमवर व्ही३ची फॅक्टरी (पूल तयार करणारा कॉन्ट्रॅक्ट) ब्लॉक १२३६९६२१ पासून आहे. पॉलिगॉनवर फॅक्टरीचा पत्ता तोच आहे, पण ब्लॉकक्रमांकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये 'नेटवर्क्स' विभाग असेल तर त्यात चेननिहाय इनिशियल ब्लॉक वेगळा दिलेला असतो. तसा नसेल आणि पॅकेज फक्त मेननेटसाठी असेल तर ते तुमच्या उपयोगाचं नाही, दुसरं निवडा.

गाठ_सोडवा
सहमत. आणि चालवण्याचं काम एजंटकडे देऊच नका. टूल-कॉलला वेळेची मर्यादा असते, स्टोअर भरेपर्यंत ती कधीच संपते. एजंटने पॅकेज शोधावं, मॉड्यूल सुचवावं, कमांड लिहून द्यावी. ती तुम्ही टर्मिनलमध्ये चालवा. आधी दहा ब्लॉक, म्हणजे स्टॉप-ब्लॉकला 'अधिक १०', डेव्हलपमेंट मोडमध्ये. आउटपुट पटलं की मोठ्या टप्प्यासाठी प्रॉडक्शन-मोडचा फ्लॅग लावा. तो नसेल तर पुढच्या ब्लॉकांचं काम समांतर होत नाही, एका रांगेत चालतं.

डेटाबेसमध्ये भरायचं असेल तर एसक्यूएल सिंक वापरा. पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीला डेटाबेस-चेंजेस प्रकारचं आउटपुट देणारं मॉड्यूल लागतं, नाव बहुधा 'डीबी_आउट'. पॅकेज निवडतानाच एजंटला ही अट सांगा. नाहीतर तो नाव जुळतंय म्हणून नुसता मॅप देणारं पॅकेज निवडतो आणि सिंक सुरूच होत नाही.

ग्राफवाले
सबग्राफमध्ये यातलं काहीच करावं लागलं नसतं. असो, बोलून उपयोग नाही.

अर्धा_नोड
चेनच्या टोकापर्यंतचा डेटा घेणार असाल तर रीऑर्ग (टोकाचे ब्लॉक बदलले जाणं) विसरू नका. सिंक कर्सर (कुठवर वाचलं ती खूण) जपून ठेवतो आणि अनडूचा संदेश आला की ओळी मागे घेतो. साध्या फाइलमध्ये ओतत असाल तर ते कोणी करणार नाही, तेव्हा फक्त अंतिम झालेले ब्लॉक मागण्याचा फ्लॅग लावा.

तिसरा_थर
इनिशियल ब्लॉक एजंटनेच बदलला होता! मूळचा ठेवला, धडाधड येतंय. पण अर्ध्या रकमा ऋण आहेत आणि आकडे अवाढव्य. पॅकेजमध्ये बग आहे का?

गाठ_सोडवा
बग नाही. व्ही३च्या स्वॅप इव्हेंटमधल्या दोन्ही रकमा चिन्हांकित पूर्णांक असतात आणि पूलच्या बाजूने मोजलेल्या असतात. पूलमध्ये आलेलं टोकन धन, बाहेर गेलेलं ऋण. आकडे मोठे दिसतात कारण दशांश लावलेले नाहीत. यूएसडीसीला दहाच्या ६व्या घाताने भागा, १८ दशांशांच्या टोकनला १८व्या. हा भागाकार एजंटकडून करून घेऊ नका, क्वेरीत करा.