युगांडा: आईबरोबर जायचंय, किबालेचे चिंपांझी की ब्विंडीचे गोरिला?

वाटसरू
नमस्कार. जानेवारीत आई आणि मी युगांडाला जायचं ठरवतोय. आई अडुसष्ट वर्षांची आहे. सपाट रस्त्यावर तासन्‌तास चालते, पण उजवा गुडघा उतारावर दगा देतो. तिला प्राणी गाडीतून नाही, झाडांमधून पायी चालत बघायचेत. बजेटमध्ये मोठं परमिट एकच बसतंय, म्हणजे ब्विंडीत गोरिला किंवा किबालेत चिंपांझी. टूरवाला म्हणतो गोरिलाच घ्या. चिंपांझी सारखे झाडाच्या शेंड्यावर असतात, नीट दिसत नाहीत, किबालेला अर्धा दिवस पुरे. हे खरं आहे का? आईला काय झेपेल? आणि प्राण्यांसमोर मिळणाऱ्या एका तासासाठी इतक्या लांब जावं का?

डोंगरवेडा
गोरिला बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे ब्विंडीला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण गुडघ्याचं म्हणाल तर ते जंगल सगळं चढउताराचं आहे. पार्कची उंची ११६० मीटरपासून २६०७ मीटरपर्यंत जाते. गोरिला जिथे असतील तिथे जायचं, मग वाट असो नसो. रेंजर पुढे वेली तोडत जातात, पायाखाली ओला पालापाचोळा असतो. हात धरायला, सॅक उचलायला पोर्टर मिळतात आणि ते फार आपुलकीने सांभाळतात. तरी उतरताना गुडघा आपलाच वापरावा लागतो. परदेशी पाहुण्यांसाठी परमिट ८०० डॉलर आहे आणि गोरिलांसमोर एकच तास मिळतो.

झाडवेडी
वाटसरू, किबालेलाच जा. आणि अर्धा दिवस नाही, दोन रात्री तरी राहा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं कंपालात होतो. घरी पाहुणे आले की मी त्यांना किबालेला न्यायचे. सासूबाईसुद्धा आल्या होत्या, काठी घेऊन, आणि त्यांनाही गुडघ्याचाच त्रास होता. म्हणून हे खात्रीने लिहितेय.

कंपालाहून मुबेंडेमार्गे फोर्ट पोर्टल साधारण ३०० किलोमीटर आहे. रस्ता चांगला आहे, पाचेक तास लागतात. तिथून चहाच्या मळ्यांमधून आणखी पस्तीसेक किलोमीटर गेलं की कन्यान्चू येतं. चिंपांझी बघायला इथूनच आत सोडतात. ७९५ चौरस किलोमीटरचं हे जंगल ब्विंडीसारखं कड्यांवर लटकलेलं नाही. जमीन हलकी वरखाली होते, मधेच एखादी चिखलाची घळ लागते. काठी आणि चांगले बूट असले की तुमच्या आईला जमेल. फक्त नाव नोंदवताना गुडघ्याचं आधीच सांगून ठेवा, म्हणजे सावकाश चालणाऱ्यांच्या गटात घालतात. गट सहा जणांचा असतो, बरोबर रेंजर. परदेशी पाहुण्यांना परमिट २५० डॉलर पडतं.

आता शेंड्यावरच्या चिंपांझींबद्दल. टूरवाला अर्धंच सांगतोय. उंबराच्या कुळातलं एखादं झाड फळांनी लगडलेलं असेल तर सगळी टोळी वर असते आणि आपली मान अवघडते, हे खरंच आहे. पण पोट भरलं की ते उतरतात आणि जमिनीवरून चालत निघतात. मग रेंजर दबक्या आवाजात "चला" म्हणतो आणि आपण झाडांतून त्यांच्या मागे. दिसण्याआधी ऐकू येतात, ते वेगळंच. एक जण हळू आवाजात हुंकार द्यायला लागतो, दुसरा त्यात मिसळतो, आवाज चढत चढत किंकाळ्यांवर जातो आणि मग कुणीतरी एखाद्या झाडाच्या रुंद, भिंतीसारख्या उभ्या मुळांवर हातापायांनी धडाधड बडवतं. आख्खं रान दणाणतं. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होते. पण त्या हसत होत्या.

त्याच दिवशी एक मोठा नर खाली येऊन आमच्यासमोर बसला, आमच्याकडे लक्षही न देता. त्याचा एक हात मनगटापासून वाकडा झालेला होता. रेंजरने सांगितलं, तारेचा फास. गावकरी डायकर हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी फास लावतात आणि त्यात चिंपांझींचे हात अडकतात. किबालेत बोटं नसलेले, पंजा नसलेले चिंपांझी बरेच आहेत. जंगलाच्या कन्यावारा भागातल्या संशोधकांनी १९९७ पासून फास शोधून काढणारी माणसं नेमली आहेत. ती रोज रान पायी धुंडाळतात. पार्कच्या प्रवेश शुल्कातले वीस टक्के आजूबाजूच्या गावांना जातात. हत्ती रात्री येऊन त्या गावांतला मका तुडवतात, त्यामुळे हा पैसा त्यांचा हक्कच आहे असं मला वाटतं. हे सगळं समजून घेत हिंडलं की तो एक तास एक तास राहत नाही.

म्हणूनच दुसरा दिवस बिगोडी गावाला द्या, आणि यात काटकसर करू नका. कन्यान्चूपासून जवळच, पार्कच्या हद्दीबाहेर, तिथे मगोम्बे नावाची पाणथळ आहे. १९९२ मध्ये गावकऱ्यांनी काफ्रेड नावाची संस्था काढून ती राखायला घेतली. वाटाडे गावातलेच असतात आणि फीचा पैसा गावातच राहतो. त्यातून त्यांनी माध्यमिक शाळा उभी केली. साडेचार किलोमीटरचा फेरा आहे, जवळपास सपाट. दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत. लोक सांगतात तीन तास, तुम्ही चार धरा, कारण तुमची आई जागोजागी थांबणार. डोक्यावर तांबड्या केसांचा झुबका असलेले रेड कोलोबस जातीचे वानर इथे अगदी डोळ्यांच्या पातळीवर येऊन पानं खात बसतात. काळेपांढरे कोलोबस, लाल शेपटीची माकडं, मंगाबी, सगळी एकाच सकाळी भेटू शकतात. आमचा वाटाडा शेंगदाण्याच्या शेताच्या बांधावर थांबला आणि म्हणाला, ही माकडं माझंही पीक खातात, पण माझी मुलगी त्यांच्याच पैशावर शिकतेय. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं, हिशेब होता. सासूबाई आयुष्यभर शेतात राबलेल्या. त्या दोघांचं मग माझ्या तोडक्यामोडक्या दुभाषेगिरीतून रानडुकरं, कुंपण आणि राखण यांवर इतका वेळ चाललं की बाकीचे पुढे निघून गेले.

टूरवाल्याला स्पष्ट विचारा की बिगोडी कार्यक्रमात आहे का. बऱ्याचदा नसतं. नसेल तर घालायला लावा, किंवा त्या दिवसापुरते स्वतः जा.

वाटसरू
ताई, तुमचं वाचून दाखवलं, आईने कोलोबसचा फोटो शोधायला लावला. आता तिला बिगोडी आधी हवंय. दोन शंका. चिंपांझींसमोर मास्क घालायलाच लागतो का? तिला मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं. आणि रेंजरकडे बंदूक असते म्हणे. आई विचारते, चिंपांझी अंगावर आले तर गोळी घालतात का?

झाडवेडी
नाही हो, बंदूक चिंपांझींसाठी नसतेच. किबालेत हत्ती आहेत आणि दाट झाडीत ते अचानक समोर आले तर रेंजर हवेत बार काढून पळवतात. आईंना निर्धास्त राहायला सांगा.

मास्कबद्दल मात्र मी आग्रह धरणार. २०१३ मध्ये याच जंगलात, कन्यावाराच्या टोळीत, खोकल्याची साथ आली. ५६ पैकी ५ चिंपांझी दगावले. तपासणीत जो विषाणू सापडला तो आपल्याला साधी सर्दी देणाऱ्या कुळातला, राइनोव्हायरस सी. आपण दोन दिवस शिंकतो आणि विसरतो, त्यांच्या मात्र तो जिवावर बेततो. चिंपांझीची मादी साधारण पाच-सहा वर्षांनी एकदा विते, त्यामुळे पाच जीव गेले की टोळीला भरून यायला किती काळ लागत असेल. मास्क फक्त ते जवळ असताना लावायचा असतो, चालताना नाही. त्यामुळे आईंना एवढं जड जाणार नाही. कोणता मास्क चालतो ते आधी विचारून घ्या आणि रोज थोडा वेळ घालून सवय करा. आणि त्या दिवशी दोघांपैकी कुणाला सर्दी-खोकला असेल तर आधीच सांगा, लपवू नका. आजारी माणसाला सोडत नाहीत आणि तेच बरोबर आहे.

रेंजर सांगेल त्या अंतरावर थांबा, फ्लॅश बंद ठेवा, जवळपास काही खाऊ नका.

शिट्टीवाला
पक्ष्यांची आवड असेल तर माझी भर. बिगोडीत ग्रेट ब्लू तुराको दिसायची शक्यता चांगली असते. मोठा निळा पक्षी, डोक्यावर काळा तुरा, चोच पिवळी आणि टोकाला लाल. उडण्यापेक्षा फांद्यांवरून धावतो जास्त. किबालेत आत शिरायचं तर ग्रीन-ब्रेस्टेड पिट्टासाठी जगभरचे पक्षीनिरीक्षक येतात, पण त्यासाठी अंधार असतानाच निघावं लागतं आणि वाट सोडून आत घुसावं लागतं. आईंना नेऊ नका. त्याऐवजी रात्रीची फेरी घ्या. टॉर्चच्या उजेडात गलागो आणि पोटो या रात्री हिंडणाऱ्या, माकडांच्या नात्यातल्या छोट्या प्राण्यांचे डोळे चमकतात, आणि चालणंही फार नसतं.

वाटसरू
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. टूरवाल्याला आत्ताच कळवलं: ब्विंडी रद्द, किबालेला दोन रात्री, बिगोडी पहिल्या सकाळी. कपड्यांबद्दल काही?

झाडवेडी
जानेवारी त्यातल्या त्यात कोरडा, तरी पाऊस येऊ शकतो. रेनकोट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. लांब बाह्या आणि जाड कापडाची पँट घाला, कारण खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं वाटेला लागून असतात. पँट मोज्यांच्या आत खोचा. कडकडून चावणाऱ्या सफारी मुंग्यांची रांग ओलांडताना रेंजर "पळा" म्हणेल, तिथे मात्र आईंना हात द्या. बिगोडीला गमबूट भाड्याने मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही, आईंचे स्वतःचे बूट असलेले बरे. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र युगांडात उतरताना बघतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आईंचं वय साठच्या वर आहे, तर लसीआधी डॉक्टरांशी नीट बोला. आणि बिगोडीच्या वाटाड्याला बक्षिशी द्यायला सुटे शिलिंग जवळ ठेवा, तिथे डॉलरची मोड मिळत नाही.