शिक्षा किती द्यायची, हे कोर्ट कशावरून ठरवतं?

विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर: कलम एक, जखमाही जवळपास सारख्या. एक आरोपी दंडावर सुटला, दुसऱ्याला दोन वर्षं सक्तमजुरी. न्यायाधीशांपुढे काही तक्ता असतो का?

फौजदारी वकील: आपल्याकडे नाही. धारदार हत्याराने साधी दुखापत, नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधली सगळी जागा न्यायाधीशांची. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मळीमठ समितीने २००३ मध्येच शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती, ती तशीच पडून आहे. इंग्लंडमध्ये अशी तत्त्वं ठरवणारी संस्था आहे, सेंटेन्सिंग कौन्सिल. ती आधी मसुदा काढून हरकती-सूचना मागवते, मग तो अंतिम करते. न्यायाधीश आधी नुकसान आणि दोषाची तीव्रता पाहून वर्ग ठरवतात. प्रत्येक वर्गाला सुरुवातीचा आकडा आणि मर्यादा दिलेली असते. त्यात वर-खाली करून, पहिल्याच टप्प्यावर गुन्हा कबूल केला असेल तर एक तृतीयांश सूट.

सत्र न्यायालयात काम करणारा: तक्ता नाही म्हणूनच शिक्षेवरची सुनावणी महत्त्वाची. दोषी ठरवल्यावर ती घ्यावीच लागते. सत्र खटल्यात त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्याचं, कलम २५८(२). आणि नेमकी इथेच माती होते. "आरोपी तरुण आहे, घरात एकटाच कमावता" एवढं तोंडी बोलून वकील खाली बसतात, निकालपत्रात दोन ओळी उमटतात. पुढची तारीख मागा आणि कागद लावा: आरोपी यंत्रमाग कारखान्यात कामाला असेल तर तिथलं पत्र, रेशन कार्ड, जखमीच्या उपचाराचा खर्च दिला असेल तर पावत्या. कच्च्या कैदेतले दिवस याच संहितेच्या कलम ४६८ खाली शिक्षेतून वजा होतात, त्यासाठी तुरुंगाचा दाखला हवा.

विद्यार्थिनी: आणि प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणं?

फौजदारी वकील: त्यासाठी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम ४. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला ते लागू नाही. म्हणून जखम साधी की गंभीर, हे वैद्यकीय दाखल्यात बारकाईने बघा. त्याच हत्याराने हाड मोडलं की कलम ११८(२): किमान एक वर्ष, कमाल जन्मठेप, आणि प्रोबेशनचा रस्ता बंद. एकवीस वर्षांखालच्यांना याच प्रोबेशन कायद्याचं कलम ६ लागतं. तिथे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. वय मोजायचं ते कोर्ट शिक्षा ठरवतं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. खटला रेंगाळला की हा हक्क हातचा जातो, आणि त्यात पोराचा काही दोष नसतो.

सत्र न्यायालयात काम करणारा: घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणे. अर्जात कलम टाकण्याआधी घटनेची तारीख तपासा.